दिवसाचे चोवीस तास चोवीस मिनिटं

मोहनाबाईंच्या मनगटावरच्या घड्याळानं त्यांची चहाडी केली, ती थेट बंगळुरूला. त्यांच्या लेकीच्या, मुग्धाच्या फोनवर एका सकाळी संदेश उमटला, की आपल्या मातोश्री काल चोवीस तास आणि चोवीस मिनिटं जगल्या. शिवाय दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या गाढ झोपल्या होत्या आणि त्याच दोन वाजून दहा मिनिटांनी उभ्यानं भांडीही घासत होत्या. नाडी एकीकडे अठ्ठावन्न, दुसरीकडे ब्याण्णव. कृपया डॉक्टरांना भेटा.

मुग्धा संगणकातली. तिनं आधी घड्याळाला दोष दिला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. कंपनीकडून दुसरं घड्याळ मागवलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग हृदयाच्या डॉक्टरांनी मोहनाबाईंच्या छातीला वायरी चिकटवून पाहिलं, हृदय ठणठणीत. शेवटी मुग्धानं आईलाच विचारलं, आणि तिथे सगळं फिसकटलं, कारण मोहनाबाईंना खोटं बोलण्याचा कंटाळा आहे. एकदा खोटं बोललं की ते लक्षात ठेवत बसायचं, एवढी हौस कुणाला?

"मी रोज दुपारी एक घटका वेळ थांबवते आणि झोपते," त्या फोनवर म्हणाल्या. "घड्याळ हातात असतं, म्हणून ते माझ्याबरोबर चालतं. बाकी जग थांबतं. आणखी काही?"

मग मुग्धा फार गोड आवाजात म्हणाली, "नाही आई. काही नाही. जेवलीस का?"

गोड आवाज ऐकल्यावर मोहनाबाई समजल्या. लेक त्यांच्याशी गोड कधीच बोलत नसे. त्याच संध्याकाळी मुग्धानं विमानाचं तिकीट काढलं, बडोद्यातल्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे शुक्रवारी पाचची वेळ घेतली, आणि कारेलीबागेतला फ्लॅट भाड्यानं देण्यासाठी एका एजंटाशी बोलून ठेवलं. आईला रविवारी बंगळुरूला न्यायचं. अकराव्या मजल्यावर, पूर्वेची खोली, दिवसभर एक बाई सोबतीला.

आता ही घटकेची भानगड काय, ते सांगून टाकू.

मोहनाबाईंचे सासरे जगदेवराव संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्याकडे घड्याळांचं खातं होतं. कचेऱ्यांमधली घड्याळं एकमेकांशी भांडणार नाहीत एवढं बघायचं. संस्थान विलीन झालं तेव्हा खात्यातल्या लोकांनी आठवण म्हणून एकेक वस्तू घरी नेली. कुणी खुर्ची नेली. एकानं झुंबर नेलं, आणि टांगण्याएवढं उंच छत नाही म्हणून माळ्यावर टाकलं. जगदेवरावांनी रीतसर सही करून एक घटिकापात्र नेलं. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बरोबर चोवीस मिनिटांनी बुडते. ती एक घटका. पूर्वी लग्नाचा मुहूर्त ह्याच वाटीवर बघत. जगदेवरावांच्या वाटीत फरक इतकाच, की ती तरंगत असेपर्यंत जग थांबायचं.

मोहनाबाई बडोद्याच्या घडियाळी पोळ नावाच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, आणि लग्नानंतर मुलींच्या शाळेत शिकवायला लागलेल्या. सासरी माणसं नऊ. पहाटे नऊ जणांचा चहा, मग शाळा, मग तपासायच्या वह्या, मग नऊ जणांची पानं. असल्या घरात सून दुपारी आडवी होणार कधी आणि कुणाच्या देखत? दोन-तीन वर्षं जगदेवरावांनी हे पाहिलं आणि एक दिवस तिला माजघरात बोलावलं.

"ही वाटी तुझ्याकडे ठेव. तू वापरलेली वस्तू जागेवर ठेवतेस, ह्या घरात दुसरं कुणी ठेवत नाही. घंगाळात पाणी घ्यायचं, वाटी सोडायची. दिवसातून एकदाच. सोडताना ज्याचा हात धरशील तो तुझ्याबरोबर येईल. आणि उठल्यावर हातातलं घड्याळ एक घटका मागे करायचं, नाहीतर सगळीकडे आधी पोचशील."

"मामंजी, ह्याचा उपयोग काय करू?"

"झोप," जगदेवराव म्हणाले.

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं मोहनाबाई रोज दुपारी एक घटका झोपत आल्या. घड्याळ मागे करायला त्या निम्म्या वेळा विसरत, त्यामुळे बडोद्याच्या मराठी मंडळींत त्यांची कीर्ती अशी झाली, की यजमान तोंडाला साबण लावून दाढी करत असताना मोहनाबाई अहेराचं पाकीट घेऊन दारात हजर. एकदा त्यांनी हिशोब मांडला, तर जन्मदाखल्यापेक्षा त्या नऊ महिन्यांनी म्हाताऱ्या निघाल्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. नऊ महिन्यांची झोप झाली होती.

नवऱ्याला, रमाकांतरावांना, त्यांनी एकदाच हात धरून आत नेलं होतं. ते वीज मंडळात होते. चार मिनिटं बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "पंखा का थांबला?" मग उरलेली वीस मिनिटं उकडतंय, उकडतंय करत राहिले आणि पुन्हा कधी आले नाहीत. आठ वर्षांपूर्वी गेले, बिचारे. भले गृहस्थ, पण पंख्याशिवाय चालायचं नाही.

आणि खरी अडचण तीच. जगदेवरावांच्या काळी थांबलेल्या जगात आणि चालत्या जगात फारसा फरक नव्हता. दुपारी तसंही काही हलत नसे. पण पुढे घरात वस्तू येत गेल्या आणि दर वस्तूबरोबर ती घटका गैरसोयीची होत गेली. आपण हात लावू ती वस्तू आपल्याबरोबर चालते, माणूस मात्र वाटी सोडतानाच धरावा लागतो, हा नियम. म्हणून मोहनाबाईंनी मिक्सरला हात लावून पाहिला. मिक्सर तयार होता, पण वीज कुठून कुठून तारांतून येते, तिला कोण हात लावणार? एसी गप्प. लिफ्ट गप्प, म्हणजे खाली जायचं तर चार मजले पायांनी. मोबाईल उजळायचा, पण टॉवर थांबलेला, त्यामुळे एक दांडी म्हणून दिसायची नाही. एकदा गॅसचा नंबर लावताना ओटीपी यायची वाट पाहत होत्या, तेवढ्यात झोप करून घेऊ म्हणून वाटी सोडली. उठल्या, तरी ओटीपी आलेला नव्हता. मे महिन्यात त्या हातपंखा घेऊन घामाघूम झोपत आणि जगावर चिडत.

तरी निभत होतं. मग दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या, आणि मुग्धानं ते घड्याळ पाठवलं. माणूस पडलं तर ते आपणहून फोन लावतं. "आंघोळीखेरीज काढायचं नाही. शब्द दे," मुग्धा म्हणाली, आणि मोहनाबाईंनी दिला. मोहनाबाई शब्द मोडत नाहीत. त्यामुळे झोपताना घड्याळ हातात, आणि हे घड्याळ हातानं मागे करता येत नाही. ते फोनला विचारून स्वतःच मागे होतं, पण आधीचं पुसत मात्र नाही. एकाच दोन वाजून दहा मिनिटांची त्याच्याकडे दोन टिपणं. दोन वर्षं ती आतच पडून होती, मग कंपनीनं ती घरच्यांना कळवायची नवी सोय केली. गाढवासारखं प्रामाणिक यंत्र!

मुग्धा येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी नातीचा फोन आला. ओवी पुण्याला कॉलेजात होती आणि जादूगारांच्या जाड जाड कादंबऱ्या वाचायची, एकेकीचे सात भाग.

"आजी, आई म्हणते ते खरं? तू वेळ थांबवतेस?"

"हो."

"भारी! मला आधी सांग, प्रकाश पण थांबतो का? कारण प्रकाश थांबला तर तुला काहीच दिसायला नको."

"दिसतं मला."

"कसं?"

"डोळ्यांनी. मी रसायनवाली आहे. प्रकाशाचं भौतिकवाल्यांना विचार."

"आणि उपग्रह? तू चालत कोपऱ्यापर्यंत गेलीस, तर नकाशाला वाटेल की तू शून्य सेकंदात तिथे उगवलीस!"

"वाटलं होतं एकदा. भाजीवाल्यापर्यंत गेले होते. घड्याळानं मला पदक दिलं."

ओवी खूप हसली. मग म्हणाली, "आजी, आत्ता कळलं. माझ्या पुस्तकांत कुणाकडे फोनच नसतो. सगळं घोडे नि मशाली नि किल्ले. लेखक लोक हुशार आहेत. जादूगारानं वेळ थांबवायचा, राजाला सोडवायचं, निघायचं. त्याच्या हातात असलं घड्याळ असतं ना, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली असती."

"माझी लेक नेते आहे."

"पण तू झोपताना घड्याळ काढून बाहेर का नाही ठेवलंस? ते पण जगाबरोबर थांबलं असतं. दोन सेकंदांचा प्रश्न. शब्द मोडल्याचं घड्याळालासुद्धा कळलं नसतं."

दोन वर्षांत हे मोहनाबाईंना सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्यांनी केलं नसतं, पण सुचायला हवं होतं. "अभ्यास कर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मुग्धा आली ती कानात एक यंत्र, हातात एक, पाठीवरच्या पिशवीत एक, अशी आली. आईला मिठी मारता मारता कुणाला तरी म्हणाली, "हो, मला स्क्रीन दिसतेय." मोहनाबाईंना आधी वाटलं की आपल्याबद्दलच बोलते आहे.

जिन्यात समोरच्या नीराबेन भेटल्या आणि लेक आलेली पाहून खूश झाल्या. "दीकरी आवी! सरस! मोहनाबेन, हवे तो जलसा!"

"जलसा कसला आणि मजा कसली," मोहनाबाई म्हणाल्या. "मला न्यायला आली आहे."

घरात मुग्धानं कपाटं उघडली. "हे घंगाळ कशाला, आई? तिथे जागा नाही. एजंट उद्या अकराला फ्लॅट बघायला आणतोय लोकांना. तू फक्त चार साड्या घे, बाकी मी बघते."

"मी कुठेही येत नाही."

"आई, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू. नुसते प्रश्न विचारतात. आज वार कोणता, घड्याळाचं चित्र काढा..."

"आणि दिवसाचे तास किती विचारलं तर मी काय सांगू? चोवीस म्हटलं तर खोटं. खरं सांगितलं तर तू मला अकराव्या मजल्यावर ठेवणार."

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडकी नव्हती, दमलेली होती. डोळ्यांखाली इतकं काळं झालं होतं की मोहनाबाईंना रागाच्या मध्येच तिची दया आली. राग मात्र त्यांनी सोडला नाही.

"मुग्धा, चोवीस मिनिटं दे मला. दुपारी दोनला वाटी सोडते, तू हात धर. काही झालं नाही तर मी चार साड्या घेऊन मुकाट्यानं येते. डॉक्टरसुद्धा नकोत. झालं, तर मी मरेपर्यंत ह्या घरातून हलायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"दोनला माझी मीटिंग आहे."

"एक हात तर मोकळा असेल!"

मुग्धा हो म्हणाली, कारण आजारी माणसाला नाही म्हणायचं नसतं असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. दोन वाजता ती खुर्चीत बसली, उजव्या हातात फोन, फोनमध्ये सतरा चेहरे, कानात बोलणं. डावा हात तिनं आईकडे टाकला, मेंदी लावून घेणारी बाई टाकते तसा. मोहनाबाईंनी तो घट्ट धरला आणि वाटी सोडली.

पंखा थांबला. खालचा रिक्षाचा हॉर्न मध्येच तुटला. सतरा चेहरे तोंडं उघडी ठेवून गोठले.

"गेलं नेट!" मुग्धा ओरडली. "आत्ताच जायचं होतं! हॅलो? हॅलो? आई, वीज पण गेली!"

मोहनाबाईंनी कपाळावर हात मारला. पंचेचाळीस वर्षांचं गुपित डोळ्यांपुढे उघडं केलं, आणि लेकीला त्यात वीज मंडळ दिसत होतं. हिच्या वडिलांवरच गेलेली.

"नेट नाही, जग थांबलंय. बघ तरी!"

"थांब, फोन बंद करून चालू करते."

त्यात पाच मिनिटं गेली. मग मुग्धा फोन डोक्यावर धरून रेंज शोधत घरभर हिंडली. भिंतीवरचं घड्याळ बंद. "सेल गेलाय," ती म्हणाली. मोहनाबाईंनी तिला दंडाला धरून गॅलरीत ओढलं. समोर नीराबेन चादर झटकत होत्या, आणि चादर हवेत आडवी, पत्र्यासारखी ताठ. "काकू खळ फार घालतात," मुग्धा फोनकडे बघत म्हणाली. खाली एक मुलगी स्कूटरसकट गतिरोधकावरून उडालेली, दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर.

"खाली बघ!"

"आई, माझं प्रेझेंटेशन आहे गं! मॅनेजरला वाटेल मी मुद्दाम..."

बारा मिनिटं झाली. वाटी निम्मी भरली होती. मोहनाबाईंना दरदरून घाम फुटला. काही उकाड्याचा, बराचसा बंगळुरूचा. शाळेत एवढ्या मुली शिकवल्या, पण इतकी बिनडोक विद्यार्थिनी त्यांना भेटली नव्हती. आणि ही पोटची.

"तोंड धू जरा," त्या शेवटी थकून म्हणाल्या. "लाल झालीस."

मुग्धा स्वयंपाकघरात गेली. तिथला नळ वर्षभर गळत होता. ती वाकली आणि तशीच राहिली. नळ आणि मोरी यांच्या मधोमध एक थेंब उभा होता. त्याच्या आत खिडकी उलटी दिसत होती. तिनं बोट पुढे केलं. थेंब बोटावर फुटून ओघळला. वर नळाच्या तोंडाशी दुसरा थेंब लोंबत होता, तो पडायचं नाव घेत नव्हता.

मुग्धानं फोन ओट्यावर ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून ठेवला असावा. गॅलरीत गेली. चादर पाहिली, स्कूटर पाहिली, हवेत टाचणीनं टोचल्यासारखी कबुतरं पाहिली. मग आत येऊन आईच्या पलंगावर बसली.

"आई."

"बोल."

"तू खरं सांगत होतीस."

"मी कधी खोटं बोलले? आता सात मिनिटं उरलीत. प्रश्न विचारायचे तर विचार, रडायचं तर रड. मी सांगू? झोप."

मुग्धा आडवी झाली आणि उशीला डोकं लागायच्या आत घोरायला लागली. मोहनाबाई तिला हातपंख्यानं वारा घालत बसल्या. त्यांची स्वतःची झोप बुडाली.

वाटी डुबकन बुडाली. पंखा फिरला, हॉर्न पुढचा वाजला, नीराबेनची चादर खाली आली. ओट्यावरचा फोन रेंज येताच वाजला, आणि मुग्धा दचकून उठली. धावत जाऊन फोन उचलला; तो बंद करून चालू केल्यानं मीटिंग तुटली होती, म्हणून ऑफिसचं खातं नव्यानं उघडायला गेली. त्या खात्याला दर वेळी नवा सहा आकडी कोड लागतो आणि तो कोड फोन वेळ बघून बनवतो. फोन अजून चोवीस मिनिटं पुढेच होता. कोड चुकला. तिनं पुन्हा टाकला. तिसऱ्यांदाही चुकल्यावर खातं बंद पडलं: सुरक्षेच्या कारणास्तव, सोमवारी संपर्क साधा.

मुग्धानं डॉक्टरांना फोन करून आई बरी आहे असं सांगितलं, एजंटाला फ्लॅट द्यायचा नाही असं सांगितलं, आणि पायात चपला अडकवून म्हणाली, "आई, चल, शेवउसळ खाऊ. तिखट."

इथवर सगळं छान झालं. मोहनाबाई जिंकल्या होत्या. पण लेक संगणकातली.

शनिवारी दोनला मुग्धा उशी घेऊन आली, हे ठीक. रविवारी तिनं विमान सोडून दिलं आणि घरून काम करायची परवानगी काढली. सोमवारी ती लॅपटॉप घेऊन आली. बॅटरीवर चालतो, म्हणे. "ह्या चोवीस मिनिटांत मी उत्तरं टाईप करून ठेवते, आई. सगळे म्हणतील, मुग्धा किती फास्ट!" आणि मोहनाबाईंच्या उशाशी टक टक टक टक. मंगळवारी तिनं तक्ता केला. सोमवारी ई-मेल, मंगळवारी अहवाल, बुधवारी ओवीचे कॉलेजचे फॉर्म. तक्त्यात एक रकाना 'आई' नावाचाही होता, आणि त्यात 'डाळ निवडणे' लिहिलं होतं.

"मुग्धा, ही वाटी आडवं पडण्यासाठी आहे."

"पण किती वाया जातोय वेळ! वर्षाचे एकशे सेहेचाळीस तास होतात, माहितीये? तू पंचेचाळीस वर्षं नुसती झोपलीस?"

मोहनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या विद्यार्थिनींना ह्या गप्प बसण्याचा अर्थ ठाऊक होता.

बुधवारी दोन वाजता मुग्धा पलंगाच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि डावा हात नेहमीसारखा पुढे केला. "आई, मी विचार करत होते, की दिवसातून एकदाच का? कंपनीत आम्ही असले नियम तपासून बघतो. समजा आपण त्या वाटीचं भोक जरा..."

मोहनाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नीट जागेवर ठेवलं, आणि तिचा हात न धरता वाटी सोडली.

मुग्धा 'जरा'वर थांबली. तोंड उघडं, भुवया वर, एक बोट हवेत. पंखा थांबला. दुपार पूर्वीसारखी शांत झाली, नऊ माणसांच्या घरात व्हायची तशी. मोहनाबाईंनी लेकीच्या कपाळावर आलेली बट बोटानं मागे सारली. बरी दिसत होती. पाच दिवसांत डोळ्यांखालचं काळंही उतरलं होतं. मग त्यांनी पाठ फिरवली, हातपंखा चार वेळा हलवला आणि झोपल्या.

वाटी बुडाली तेव्हा त्या उठून पदर सारखा करत होत्या.

"...बारीक केलं तर?" मुग्धानं वाक्य संपवलं. मग ती थबकली. आईच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती आणि केस एका बाजूला चपटे झाले होते. मांडीवर घड्याळ होतं. "आई! तू मला सोडून गेलीस?"

"हो."

"आणि घड्याळ काढलंस? शब्द दिला होतास!"

"मोडला," मोहनाबाई म्हणाल्या. चांगली झोप झाल्यानं त्यांचा आवाज अगदी मऊ लागला होता. "उद्याचं विमान बघ, मुग्धा. सकाळचं मिळालं तर उत्तम. दुपारी दोनच्या आत."